पोकळीच्या जागी ठोकळा

कोलकाता, ९ जानेवारी

बाबा,

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर पाहून कळलंच असेल कुणाचं ते. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी एकदा वाचा. यात चुनाभट्ट्यांचा विषय काढणार नाही. भट्ट्यांच्या धुराविरुद्ध अर्ज मी केला, भट्ट्या बंद झाल्या, तुमच्या हाताचं काम गेलं, गावाने तुमच्याकडे पाहून थुंकायला सुरुवात केली, आणि तुम्ही मला म्हणालात, "पोरगी शिकवली ते माह्या चुलीत पाणी ओताले." सगळं लक्षात आहे. आईचा खोकलाही लक्षात आहे. दोन वर्षं झाली. आज दुसरंच सांगायचं आहे.

आपला सारंग म्हणाला, तुम्हाला पांढऱ्या माळावर चौकीदाराचं काम मिळालं आहे. नवी पाण्याची टाकी उभी राहते आहे तिथे, पुढे वसाहतही होणार. टाकीच्या पायाशीच तुमची पत्र्याची खोली आहे आणि तुम्ही तिथेच झोपता. तो खूश होता. "बाबाले लोक आता नमस्कार करते," म्हणाला. ऐकून मलाही बरं वाटलं होतं, परवापर्यंत.

मी इथे काय करते ते तुम्ही कधी विचारलं नाही. जमीन तपासणाऱ्या एका कंपनीत आहे. या शहराखाली दगडच नाही, बाबा. कितीही खोल जा, चिखल, गाळ, वाळू, पुन्हा चिखल. एवढ्या उंच इमारती नुसत्या चिखलात रोवलेल्या खांबांवर उभ्या आहेत. तुम्ही पाहिलं तर हसाल. दगडाचं काम बाहेरून येतं. जिथे मोठं बांधकाम व्हायचं असतं तिथे भोकं पाडून आतल्या दगडाच्या लांबट कांड्या काढतात, लाकडी खोक्यात ओळीने मांडतात आणि आमच्या बजबजच्या गोदामात पाठवतात. जूट गिरण्यांच्या मागे ते ओलसर गोदाम आहे. आठवड्यातून एकदोनदा मी माजेरहाटहून गाडी पकडून तिथे जाते.

परवा आलेल्या खोक्यांवर आपल्या बोरमाळचं नाव होतं. पांढऱ्या माळाचं. मी एकटीच होते. खोक्यावर हात ठेवून नुसती उभी राहिले. मग झाकण काढलं.

आपला दगड मी अंधारातही ओळखेन. पण त्याची टोकं पाहून मी कांडी उजेडाकडे नेली. तुटलेल्या दगडाचं टोक खरखरीत असतं, धारदार असतं. ही टोकं गुळगुळीत होती. पोराने चाटलेल्या गुळाच्या खड्यासारखी. त्यावर तांबड्या मातीचं बोट लावल्यासारखं पातळ सारवण होतं.

याचा अर्थ सांगते. कंटाळू नका, यातलं अर्धं तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. भट्टीत दगड भाजला की एक वायू निघून जायचा. भट्टीच्या तोंडाशी वाकलं की डोकं गरगरायचं ते त्यानेच. तो गेला की चुना उरायचा. तोच वायू हवेत असतो, मातीत कुजणाऱ्या पाल्यात तर फार असतो. पाऊस त्याला पोटात घेऊन खाली झिरपतो. पाणी जरासं आंबट होतं, जिभेला कळणार नाही इतकं. चुनखडकाला मात्र कळतं. जिथे चीर सापडेल तिथून ते आत शिरतं आणि चिरेच्या दोन्ही कडा विरघळवत नेतं. माणसाच्या हजार पिढ्या लागतील इतकं सावकाश. चिरेची फट होते, फटीची खोली होते. भट्टीत वायू गेला तर चुना तरी उरतो. इथे वायू परत आला की काहीच उरत नाही.

मागच्या वर्षी कामासाठी मेघालयात गेले होते. तिथे अशा गुहा आहेत की आत नदी वाहते. वर शेतं, भाताची. एका शेताच्या मधोमध कढईसारखा खड्डा होता, त्याभोवती बांबूचं कुंपण. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, आजोबांच्या वेळी ही जागा एका सकाळी खाली गेली. आम्ही ती भरत नाही, तिच्यावर काही बांधत नाही, पोरांना जाऊ देत नाही. बस.

आपल्या माळाखाली तसंच काही आहे असं मला वाटतं. नक्की किती मोठं, ते अजून सांगता येत नाही. पण तुमची खोली तिथून हलवा. गावाकडच्या बाजूला, नाल्याच्या अलीकडे, जिथे काळा दगड वर दिसतो तिथे; तो पाण्याने विरघळत नाही. ठेकेदाराला सांगा की वारा लागतो, काहीही सांगा. माझं नाव घेऊ नका.

भाग्यश्री


कोलकाता, २३ जानेवारी

बाबा,

आज नेताजींच्या जयंतीची सुट्टी आहे. गल्लीत सकाळपासून लाउडस्पीकर चालू आहे.

सारंगला काल फोन केला. पत्र पोचलं म्हणाला. तुम्ही ते न उघडता देवाच्या फळीवर, आईच्या फोटोमागे ठेवलंत. त्याने तोंडी सांगून पाहिलं तर तुम्ही म्हणालात, "भट्ट्या बंद केल्या, आता टाकी बी बंद करते का ते? गावाले पाणी नको का?"

गावाला पाणी हवं आहे, बाबा. माळापलीकडच्या खाणीने पाण्याचा उपसा सुरू केल्यापासून आपल्या विहिरीत दगड टाकला तर कोरडा आवाज येतो, हे मी विसरले नाही. पण तोच उपसा माळाच्या मुळावर आला आहे. दगडातल्या पोकळीत पाणी भरलेलं असतं तोवर ते वरच्या मातीला खालून हात देतं. पाणी उपसलं की तो हात निघून जातो. माती तरी लगेच पडत नाही. ती कमान धरून उभी राहते. वर गवत हिरवं, गुरं चरतात, कुणाला काही दिसत नाही. कमानीच्या आतून एकेक कण गळत राहतो आणि पोकळी वर वर सरकत येते. त्यात वरून पाणी झिरपलं, नळ फुटला, टाकी गळली, की काम लवकर होतं. तुम्ही नेमके त्या कमानीवर झोपता.

काल गोदामात मी शंतनुदांना खोकी दाखवली. ते माझे वरिष्ठ, बंगाली आहेत, माणूस वाईट नाही. मला दगड वाचायला त्यांनीच शिकवलं. या वेळी मात्र चष्मा पुसत उभे राहिले.

भोक पाडताना मध्ये पोकळी लागली तर कांडी निघत नाही. तेव्हा जेवढी जागा रिकामी गेली तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा खोक्यात त्या जागी ठेवायचा असतो. ही आमच्या कामाची पहिली शिस्त. ठोकळा म्हणजे कबुली, की इथे खाली काही नव्हतं. आपल्या माळाच्या खोक्यांत एकही ठोकळा नाही. सगळ्या कांड्या एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या, कशा छान, एकसंध! फक्त प्रत्येक भोकाच्या शेवटच्या खोक्यात ओळी रिकाम्या उरल्या आहेत, म्हणजे तेवढा दगड निघालाच नव्हता. ठेकेदाराच्या कागदात प्रत्येक ओळीपुढे 'पूर्ण' लिहिलं आहे.

मी म्हटलं, "दादा, किसी ने ब्लॉक निकाले हैं. जानबूझकर."

"ट्रक में हिल गया होगा, भाग्यश्री."

"ठोकळे ट्रकमधून उडून जातात का?" मी चिडून मराठीतच बोलले. त्यांना अर्थ कळला असावा.

"तुम बहुत सोचती हो," ते म्हणाले. "उधर पानी का टंकी है, बांध नहीं है. काग़ज़ में सब ठीक है, सही करो, ख़तम करो."

मी सही केली नाही.

ठेकेदाराच्या माणसांनी पोकळी लपवायला ठोकळे काढले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि ज्या जमिनीबद्दल ते खोटं बोलले तिच्यावर त्यांनी तुम्हाला झोपवलं आहे. खोली हलवा, बाबा. टाकीचं मी पाहते.

भाग्यश्री


कोलकाता, ३ फेब्रुवारी

बाबा,

सारंगने फोटो पाठवला. तुम्ही फावड्यावर हात ठेवून उभे आहात. किती वाळलात. डोक्याला नवीन टॉवेल आहे. पायाशी ताजा भराव, त्यावर हळदकुंकू आणि फोडलेला नारळ. खाली त्याने लिहिलंय, 'खोलीमागं सुपाएवढा गड्डा पडला होता, बाबानं एकट्यानं भरला.'

मी लगेच फोन लावला. "कशाने भरला?"

"भट्टीवरची राखड आन् मुरूम. मंग तीन दिवस पाणी मारलं त्याच्यावर, चांगलं बसाले पायजे ना. टँकरवाल्याले सांगून बाबानं पाईप लावून ठेवला होता."

"पाणी मारलं?"

"मंग? भरावाले पाणी मारतच असते, ताई. तू शिकलेली हायेस, तुले एवढं बी समजत नाही?"

सगळीकडे मारतात. पाया भरताना, अंगण करताना, भट्टीचा तळ बसवताना तुम्ही तेच केलंत, आणि ते बरोबरच होतं, कारण त्याखाली जमीन होती. इथे खाली जमीन नाही. तुम्ही पाणी मारून भराव बसवला नाही, त्याला वाट दाखवलीत. तो खड्डा वरून पडला नव्हता, खालून वर आला होता. तो त्याचा गळा आहे. पोट खाली आहे. तुम्ही पाणी घालाल तेवढं ते गिळेल. भराव दोन बोटं जरी खाली बसला तरी 'चांगलं बसलं' म्हणू नका. त्या दिवशी खोली सोडा.

मी सारंगला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, खरं सांगू? तू काही बोलली की बाबा त्याच्या उलटं करते. तू नको बोलू."

आज ऑफिसात सरस्वतीपूजा होती. इथे या दिवशी पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि दिवसभर वाचायचं नसतं, लिहायचं नसतं. शंतनुदांनी हौसेने माझा हातोडाही देवीपुढे ठेवला, दगड तपासायचा. म्हणाले, "आज तुम्हारा भी छुट्टी, इसका भी." मी प्रसादाची खिचडी खाल्ली आणि घरी येऊन, रीत मोडून, लिहायला बसले. एक पत्र तुम्हाला. दुसरं कंपनीच्या मालकांना आणि आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना, की बोरमाळच्या खोक्यांतून पोकळीच्या खुणा हेतुपुरस्सर काढल्या आहेत, चौकशी व्हावी, माळावर पुन्हा भोकं पाडावीत, तोवर टाकी भरू नये.

ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहते त्या विजयाकाकू पुण्याच्या. प्रकाशकाकांच्या नोकरीमुळे वीस वर्षं इथे आहेत. माझ्या हातातली पाकिटं पाहून म्हणाल्या, "पुन्हा अर्ज? अगं, एकदा अर्ज करून वडील घालवलेस, आता नोकरी घालव." मग त्यांना वाईट वाटलं असावं. चहा आणून ठेवला. त्यांचा अमेय कॉलेजात आहे, इथेच वाढलेला. तो मला विचारतो, "ताई, पाणी खाणार?" बंगालीत पाणी खातातच. एरवी आम्ही त्याला हसतो. आज मला हसू आलं नाही. आमच्याकडे पाणीच खातं, असं काहीतरी मी म्हणाले आणि तो घाबरून आत गेला.

मालकांचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र टाकून आले, हे तेवढं उरलं. बाबा, भरावावर पाणी मारू नका. सगळ्या पत्रातलं एवढं एक वाक्य वाचा.

भाग्यश्री


कोलकाता, २१ फेब्रुवारी

बाबा,

तो आवाज माझाच होता. तुम्ही ओळखलात, मला माहीत आहे.

माझ्या तक्रारीवर काल ऑफिसात बैठक झाली. मालक, शंतनुदा, मी, आणि मधे टेबलावर स्पीकर लावलेला फोन. पलीकडे साइटवर ठेकेदाराचा माणूस होता. मालकांनी त्याला विचारलं, ठोकळे कुणी काढले? मी वही-पेन घेऊन बसले होते. वाटत होतं, आता हा अडखळेल, खोटं बोलेल, आणि मी त्याला धरेन.

तो हसला. "अरे साहब, वो लकड़ी? वो तो चौकीदार चाचा ने जला दी. ठंड थी ना. यहीं हैं, पूछ लो."

मग तुमचा आवाज आला. दोन वर्षांनी.

"हो साहेब, जाळले. डिसेंबरात लय थंडी होती. लाकूडच तं होतं, रिकामं पडेल. पण दगड एक बी फेकला नाही, साहेब. ट्रकात खडखडून फुटू नये म्हणून समदे बराबर सरकवून, चिपकवून ठेवले. झाडून-पुसून."

तुमच्या आवाजात अभिमान होता. काम नीट केल्याचा. भट्टीवर दगड रचताना फट राहू द्यायची नाही, फट राहिली की वरची रास ढासळते, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं. खोक्यात फटी दिसल्या, तुम्ही त्या मिटवल्या. तुमच्या जागी भट्टीवरचा कुणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. आणि मी हेतुपुरस्सर लिहिलं होतं. दोन जागी, माझ्या सहीने.

मी "बाबा" म्हणाले.

मग तुम्ही म्हणालात, "साहेब, फोन ठेवू का?"

मालक म्हणाले, चला, प्रश्न मिटला. खोकी चौकीदाराने हलवली, म्हणजे आता ती पुरावा म्हणून चालणार नाहीत, बाद. ठेकेदाराचे कागद शिल्लक आहेत, त्यात सगळं 'पूर्ण' आहे. मी ओरडून सांगितलं की ठोकळे जळले तरी पोकळी जळत नाही. त्या गुळगुळीत टोकांकडे बघा, रिकाम्या ओळी मोजा. ठेकेदाराने कागदात खोटं लिहिलं हे तर ठोकळे होते यावरूनच सिद्ध होतं! पोकळी नव्हती तर ठोकळे घातले कशाला? मालक शांतपणे म्हणाले, "चौकीदार आपके पिताजी हैं, ये आपने पहले नहीं बताया."

त्यानंतर मी काहीही बोलले तरी ते एका मुलीचं बोलणं होतं, भूवैज्ञानिकाचं नव्हतं.

संध्याकाळी सारंगचा फोन आला. तुम्हाला कामावरून काढलं. नमुने खराब केले म्हणून. ठेकेदाराने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि हेही सांगितलं की तक्रार तुमच्याच पोरीची होती.

मला काय लिहावं कळत नाही. मी तुम्हाला वाचवायला निघाले होते.

भाग्यश्री


कोलकाता, ३० मार्च, गुढीपाडवा

बाबा,

विजयाकाकूंनी गच्चीवर गुढी उभारली. दक्षिण कोलकात्यात एवढ्या उंचीवरून ती एकच दिसत होती. शेजारचे लोक विचारत होते, लग्न आहे का कुणाचं.

आज टाकी भरली असेल. सारंग म्हणाला होता, मांडव घातलाय, आमदार येणार आहेत, बायका कळशा घेऊन उभ्या राहणार. तुम्ही घरीच असणार म्हणाला. तुम्हाला कुणी बोलावलं नाही.

जिल्हा कार्यालयाचं उत्तर आलं. दोन ओळींचं. 'सादर अहवालानुसार जमीन बांधकामास योग्य आहे.' अहवालावर शंतनुदांची सही आहे. मला त्या कामावरून काढून राजारहाटला पाठवलं. तिथे दिवसभर चिखलात खांब ठोकताना मोजमापं घेते. काल शंतनुदा तिथे आले. म्हणाले, "मेरी बेटी इस साल कॉलेज जाएगी." बाकी काही नाही. मी म्हटलं, "अच्छा है, दादा." त्यांच्यावर रागावायचीही ताकद राहिलेली नाही.

लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंत. वाटेत कुणीही भेटलं की सांगायचात, "हे शिकून सायेब होणार." मी शिकले ते एवढ्यासाठी, की जे आपल्या लोकांना दिसत नाही ते मला दिसावं आणि मी ते सांगावं. दिसतं, बाबा. पण दिसून काय उपयोग? आईचं फुफ्फुस मला दिसलं, भट्ट्या बंद झाल्या, आई तरी गेलीच आणि वीस घरांच्या चुली थंड झाल्या. माळाखालची पोकळी मला दिसली आणि तुमच्या डोक्यावरचा नवा टॉवेल उतरला. माळ खचला नाही, तर मी जन्मभर गावाची वैरीण. खचला, तर कुणाची तरी कळशी घेऊन आलेली पोर खाली जाईल आणि मी खरी ठरेन. मला खरं ठरायचं नाही. रोज सकाळी उठून मी प्रार्थना करते की माझं शिक्षण खोटं निघू दे.

एकच गोष्ट धरून बसले आहे. तुम्ही आता त्या खोलीत झोपत नाही. मला तेवढंच हवं होतं. ते असं मिळायला नको होतं, पण मिळालं. आज रात्री तुम्ही आपल्या घरी, काळ्या दगडावर झोपाल.

काकूंनी श्रीखंड दिलं. खाल्लं.

भाग्यश्री


कोलकाता, ९ एप्रिल

बाबा,

सारंगचा फोन आला तेव्हा मी राजारहाटला होते. त्याचा आवाज वेगळा होता. तो म्हणाला, "ताई, पाडवा झाल्यावर बाबानं तुयी समदी पत्रं काढली. ओसरीत बसून बोट ठेवून ठेवून वाचली. दोन दिवस वाचत होता."

मी मोजमापाची वही मिटली.

मग त्याने बाकीचं सांगितलं. टाकी भरल्यापासून तळाशी ओल येते आहे. पाडव्यानंतर चारपाच दिवसांनी तुम्ही माळावर फिरायला गेलात. तुमच्या खोलीमागचा तुम्हीच भरलेला खड्डा हातभर खाली बसला होता. ठेकेदाराच्या माणसांनी त्यात मुरूम टाकला आणि वरून पाईप लावला. दुसऱ्या दिवशी मुरूम दिसत नव्हता. त्यांनी पुन्हा टाकला. तुम्ही त्यांना म्हणालात, पाणी नका मारू. ते हसले. "चाचा, बेटी ने सिखाया क्या?" तुम्ही म्हणालात, "हो. तिनंच सांगतलं."

हे वाक्य सारंगने सांगितलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. दोन वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होते.

पण पुढचं ऐकलं. शाळा सुटली की पोरं टाकीखालच्या ओलीत खेळायला येतात, बायका नळावर येतात, कुणी ऐकत नाही. म्हणून तुम्ही बाभळीच्या फांद्या तोडून त्या जागेभोवती कुंपण घातलंत. ठेकेदाराने ते उचलून फेकलं. तुम्ही पुन्हा घातलंत. आता सकाळी भाकरी बांधून नेता आणि कुंपणाच्या आत, पोरं शिरू नयेत म्हणून, दिवसभर तिथेच बसता. कुणी पगार देत नाही. लोक म्हणतात, कामावरून काढलं म्हणून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पोरं लांबून खडे मारतात. तुम्ही ओरडता, "पोट्टेहो, घरी जा!" आणि उठत नाही.

मी सारंगला म्हटलं, फोन दे त्यांना. तो म्हणाला, ते घेत नाहीत, पण दोन निरोप दिले आहेत.

पहिला: "तिले सांग, भोक पाडताना लोखंडी दांडा आपोआप खाली गेला होता. हातातून सुटल्यावानी. भोकात सोडलेलं पाणी बी वर आलं नव्हतं. मी उभा होतो, मी पायलं. तवा मले समजलं नाही ते काय होतं."

दुसरा: "तिले सांग, ठोकळे म्या जाळले. आता ठोकळ्याच्या जागी म्या बसतो."

बाबा, मी उद्या हावड्याहून निघते आहे. ऑफिसात सांगितलं नाही. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. सोबत घेऊन येते. मी समोर आले तर तुम्ही मान वळवाल आणि माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही पत्रं वाचता हे आता कळलं. म्हणून कुंपणाबाहेर उभी राहून हे तुमच्या हातात देईन. तुम्ही बोट ठेवून वाचा. मी थांबेन.

काल तिकडे वळवाचे ढग आले होते असं सारंग म्हणाला. मी गाडीत असेन तेव्हा ते बरसू नयेत एवढंच मागते आहे. कुणाकडे, ते माहीत नाही.

मी तुम्हाला ठोकळ्याबद्दल अर्धंच सांगितलं होतं. तो कशाला ठेवतात ते लिहिलं, पण त्याचं काय होतं ते लिहिलं नाही. तो काही पेलत नाही, बाबा. त्याच्यावर वजन द्यायचं नसतं. तो फक्त सांगतो की इथे खाली काही नाही, आणि खोक्यातले दगड गेले की त्यालाही फेकून देतात.

तुम्ही ठोकळा नाही.

कुंपण राहू द्या. ते मी सांभाळते, बाहेरून, तुमच्यासोबत. पोरांना दोघं मिळून हाकलू. लोक दोघांना वेडं म्हणतील.

तुम्ही तिथून उठा. हळू उठा, पाय आपटू नका, टाकीच्या बाजूने नको, नाल्याच्या बाजूने या.

मी इथे उभी आहे.

भाग्यश्री